दोन अंकांचा घरमालक

अन्याय झाला तो माझ्या घरमालकांवर. पहिल्यांदा झाला जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या गणपतीत, शनिवारी संध्याकाळी, टोकियोतल्या ओजिमाच्या सार्वजनिक सभागृहात, तिसरी घंटा झाल्यावर आणि पडदा बाजूला व्हायच्या आत. दुसऱ्यांदा त्याच हिवाळ्यात, त्सुकुबाला, त्यांच्या हातात नारळ ठेवून. दोन्ही वेळा करणारे आपलेच लोक होते. मराठी, शिकलेसवरलेले, बँकेतले, प्रयोगशाळांमधले. दोन्ही वेळा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मला गोडगोड लिहिता येणार नाही. मी पुण्यात विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहून लिहायला शिकले, वसतिगृहाची फी आणि मेसचं पाणी हे माझे विषय होते. नोकरी टोकियोत लागली म्हणून हात मऊ होत नाही.

मालक अमेरिकन होते. नाटककार होते. वय ऐंशीच्या बरंच पुढे. शेजारपाजारचे त्यांना ‘ओओया-सान’ म्हणायचे, म्हणजे घरमालकच. त्यांच्याइतका मत्सरी माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी स्वतःला रोज आरशात बघते.

आम्ही राहायचो ते उरायासु म्हणजे टोकियोला लागून, समुद्र बुजवून केलेली जमीन. भूकंपात तिथली वाळू आणि पाणी जमिनीतून उसळून वर आलं, मॅनहोलची तोंडं रस्त्यातून बाहेर निघाली आणि कितीतरी घरं न पडता नुसती कलली. भाडी उतरली, म्हणून मला तिथे राहणं परवडलं. मालकांचं घर समुद्राच्या बाजूला कललं होतं. खाली ते, वर मी. माझ्या पातेल्यात आमटी एका बाजूला जास्त असायची. महिनाभर डोकं गरगरल्यावर मी माझ्या पद्धतीने वागले. इंग्रजीत आणि मोडक्या जपानीत पत्रक लिहिलं: हे घर कललेलं आहे, मालकाला ते माहीत आहे, मालक दुरुस्ती करत नाही. ते त्यांच्याच फाटकावर चिकटवलं.

सकाळी दार वाजलं. मालक उभे, हातात माझं पत्रक, त्यावर पेन्सिलीच्या खुणा.

“हे तू लिहिलंस?”

“हो. आणि काढणार नाही.”

“काढू नकोसच. समोरची बाई हातातल्या पिशव्या खाली ठेवून वाचत होती. शेवटपर्यंत वाचलं. मग परत वर गेली, पहिल्या ओळीवर.” त्यांचा आवाज थरथरत होता. मला वाटलं संताप आहे. “माझं काही कुणी असं वाचून जमाना झाला.”

“घर कधी सरळ करणार?”

“तिसरं वाक्य काप. ते तू रागात लिहिलंयस, म्हणून लांबलंय.”

तिसरं वाक्य खरंच लांबलं होतं. मी कापलं. घर त्यांनी सरळ केलं नाही. कारण विचारलं तर मला खाली नेऊन त्यांचं लिहायचं टेबल दाखवलं. ते अशा बेताने लावलं होतं की पेन्सिल हातातून सुटली की घरंगळत त्यांच्या पोटाशी यायची. “आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी आपणहून माझ्याकडे येतंय,” म्हणाले. “ते मी दुरुस्त करू?”

त्यांचा मत्सर माणसांपुरता नव्हता. नगरपालिकेने घरोघरी दिलेला कचऱ्याचा तक्ता असतो, जळणारा कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी. तो तक्ता ते कचऱ्याच्या जागेसमोर उभे राहून वाचायचे आणि मान हलवायचे. “हे लिहिणाऱ्याचं नशीब बघ. प्रत्येक घरात भिंतीवर. लोक चुकले तर शेजारी ओरडतात. माझ्या नाटकातलं एक वाक्य चुकवलं तर कोण ओरडणार आहे?” कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, आत शिरताच पोरं एका सुरात ‘इराश्शाइमासे’, म्हणजे ‘या, या’, म्हणतात. मालक दारातच थबकायचे. “एक वाक्य. रोजचे प्रयोग. कधी बंद पडत नाही.” एकदा तर भूकंपाबद्दलच म्हणाले, की त्या दुपारी अख्खं शहर एका क्षणी गप्प झालं, मला न्यूयॉर्कमध्ये हे कधी जमलं नाही. मी त्यांना तिथल्या तिथे झापलं. माणसं गेलीत, जरा लाज वाटू द्या, म्हटलं. ते म्हणाले, “वाटते ना. लाज आणि हेवा मला नेहमी बरोबरच वाटतात.”

त्यांची हकीकत मला तुकड्यातुकड्याने कळली, आणि प्रत्येक तुकड्यात दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी चांगलं झालेलं होतं. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौजेबरोबर पहिल्यांदा जपानला आले तेव्हा पोरगेलेसेच होते. काम काय, तर जपानी नाटकमंडळ्यांच्या संहिता तपासायच्या. मंडळ्यांनी इंग्रजी तर्जुमा आणून द्यायचा, यांनी आक्षेपार्ह वाक्यं कापायची आणि शिक्का मारायचा. “मिसरूड फुटलेलं नव्हतं,” ते सांगायचे, “आणि मी पांढऱ्या केसांच्या लेखकांची वाक्यं कापत होतो. काही वाक्यांत आक्षेपार्ह काहीच नव्हतं. ती फक्त फार चांगली होती.” हे सांगताना ते हसायचे नाहीत.

मग न्यूयॉर्क. वडील गावोगाव घरं उबदार ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करत फिरायचे, त्या घरावर यांनी नाटक लिहिलं. थोरला मुलगा युद्धावरून परत येतो. सगळे त्याची वाट बघत असतात, आणि तो आल्यावर कळतं की तो कुणालाच फारसा आवडत नाही. मोठ्या थिएटरात लागलं. दोन अंक लोक खिळून बसायचे, तिसऱ्यात खोकायला लागायचे. समीक्षकांनीही तिसऱ्या अंकालाच धुतलं. काही आठवड्यांत नाटक उतरलं. पुढचं नाटक शहराबाहेरच्या प्रयोगांतच मेलं. मग टेलिव्हिजनसाठी पाट्या टाकल्या. त्याच काळात तिकडे लेखकांना डावे म्हणून चौकशीला बोलावत होते, कामं काढून घेत होते. मी आवेशाने विचारलं, “मग तुमच्यावरही झालाच असेल ना जुलूम?”

“माझ्या सगळ्या मित्रांना बोलावलं,” मालक म्हणाले. “एकाला तर दोनदा. मी कोट इस्त्री करून ठेवला होता. मला नाही बोलावलं.”

इतक्या दुःखी चेहऱ्याने जुलूम न झाल्याची तक्रार करणारा माणूस मला आमच्या संघटनेतही भेटला नव्हता. बायको जपानी, त्या फौजेच्या दिवसांतच ओळखलेली. तिच्याबरोबर ते परत इकडे आले, इंग्रजी शिकवत राहिले, तिच्या जमिनीवर घर बांधलं. ती भूकंपाच्या आधी गेली. तिच्याबद्दल एकच तक्रार होती: तिच्या अंत्यसंस्काराला रांग लागली होती.

आता माझी जळजळ सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या गणपतीसाठी मी टोकियोतल्या आपल्या मराठी मंडळाला एक नाटुकलं लिहून दिलं होतं. कललेली घरं, गप्प बसणारे मालक, भाडेकरूंचे हक्क. मंडळाचे कार्यवाह प्रधान, मुंबईच्या बँकेतून इकडे बदलीवर आलेले, सगळे त्यांना प्रधानकाका म्हणतात. त्यांनी ते वाचलं आणि अतिशय प्रेमाने परत दिलं.

“छान आहे गं. पण लोक शनिवारी हसायला येतात. रडायला ऑफिस आहेच की.”

“मग काय करताय?”

“जुनं ते सोनं! आपलं ते हे करतोय.” आणि त्यांनी मराठीतल्या एका जुन्या, गाजलेल्या नाटकाचं नाव घेतलं. ज्याचे मुंबई-पुण्यात प्रयोगांवर प्रयोग झाले, जे आमच्या आईबाबांनी लग्नानंतर पाहिलं, जे अजून कुठल्या ना कुठल्या स्नेहसंमेलनात होतं. मला त्या नाटकाचा, त्याच्या लेखकाचा, ते करणाऱ्या प्रत्येकाचा राग आला. राग कसला, हेवाच तो. शेजारी बसून नाकं मुरडायला कुणीतरी हवं म्हणून मी मालकांना घेऊन गेले. मराठीचा एक शब्द न कळणारा मत्सरी म्हातारा, याहून चांगली सोबत कुठे मिळणार?

तिसरी घंटा झाली. प्रधानकाकांनी माइक घेतला. मंडळाचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष, प्रायोजक, मसाल्याच्या दुकानाचे मालक, खुर्च्या लावणारे, सगळ्यांची नावं झाली. मग लेखक म्हणून एकच नाव आलं, त्या दिवंगत मराठी गृहस्थांचं. पडदा उघडला.

पहिल्या अंकात धाकटा भाऊ बाहेरून येतो आणि भिजलेली छत्री खुंटीला अडकवतो. खुंटी ढिली आहे, छत्री पडते. तो पुन्हा अडकवतो, पुन्हा पडते. तिसऱ्यांदा तो ती हातातच धरून बसतो आणि सगळा प्रसंग तसाच बोलतो. सभागृह हसत होतं. माझ्या दंडाला कसलीतरी पकड बसली. मालकांची बोटं.

“ती खुंटी माझी आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“खुंटी. माझ्या बापाच्या घरातली. माझ्याकडे हॅट आहे, यांनी छत्री केलीय. आता बघ, आई आत येईल आणि छत्रीकडे न बघता म्हणेल की दूध उतू गेलं.”

मंडळातल्या मेधावहिनी आईचं काम करत होत्या. त्या आत आल्या, छत्रीकडे बघितलं नाही आणि म्हणाल्या, “दूध उतू गेलं बाई.” लोक खदखदा हसले.

पहिले दोन्ही अंक मालक मला आधी सांगत होते आणि मग ते रंगमंचावर घडत होतं. भाषा कळत नव्हती तरी कुठे सगळे गप्प होणार, कुठे कोण उठणार, सगळं पाठ. दुसऱ्या अंकाच्या शेवटी थोरला दारात उभा राहतो आणि कुणीच काही बोलत नाही. मालक डोळे मिटून त्या शांततेत बसले होते. “ठेवलीय,” म्हणाले, “चोरांनी शांतता पूर्ण ठेवलीय.” मध्यंतर झाल्यावर मला वाटलं, ते आता उठून भांडतील. ते म्हणाले, “आता खोकला ऐक. माझा तिसरा अंक येतोय.”

तिसरा अंक झाला. कुणी खोकलं नाही.

मालकांनी दोन-तीनदा मागे वळून प्रेक्षकांकडे बघितलं, जणू त्यांनाच काहीतरी झालंय. दुसऱ्या दिवशी मी मंडळाची संहिता मागून आणली आणि त्यांचं छापील नाटक शेजारी ठेवलं. पहिले दोन अंक ओळीला ओळ तेच, तिसरा वेगळाच. पुस्तक कधीतरी आपल्याकडच्या कुठल्याशा वाचनालयात पोचलं असणार, कुणीतरी घरी नेलं असणार, आणि मग आपल्याकडे जसं करतात तसं केलं असणार.

मी तडक प्रधानकाकांकडे गेले.

“मूळ लेखक जिवंत आहे. माझ्या खालच्या मजल्यावर राहतो.”

“कोण? तो कचऱ्यासमोर उभा राहणारा?” काका हसायला लागले. “अगं, मग इतकी वर्षं गप्प का बसला?”

“त्यांना मराठी येत नाही, काका.”

“मग कुठे बिघडलं? त्याला त्रास नाही, आपल्याला नाही. रूपांतर म्हणजे नवं लेखनच असतं. आपल्याकडे असंच चालत आलंय. कुणी वाईट मनाने करत नाही.”

“वाईट मनाने केलं असतं तर निदान लाज तरी वाटली असती.”

“तू ना, पत्रकासारखी बोलतेस.”

“पत्रकच काढीन. पुढच्या प्रयोगाच्या दारात वाटीन.”

त्यावर काका जरा नरमले. पुढचा प्रयोग त्सुकुबाला व्हायचा होता, तिथल्या संशोधकांसाठी आणि विद्यापीठातल्या पोरांसाठी. “तिथे बोलावू त्यांना. मानाने बोलावू. झालं समाधान?”

मी धावत खाली आले, मालकांना बातमी दिली. तुमचं नाव पडद्यासमोर घेतील. न्यूयॉर्कनंतर पहिल्यांदा. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, “तो तिसऱ्या अंकात काय करतो?”

“कोण?”

“तो चोर. लोक खोकत का नाहीत?”

मी संहिता इंग्रजीत सांगायला लागले. दोन पानांतच अडकले. तिसऱ्या अंकात मराठीत जवळजवळ वाक्यंच नाहीत. मालकांच्या मूळ नाटकात थोरला मुलगा उठून भलंमोठं भाषण करतो, युद्ध, घर, बाप, सगळ्यावर, आणि आई खुर्चीत बसून ऐकते. मराठीत तो जेवायला बसतो आणि आई वाढते. एवढंच. हे वाचून दाखवता येईना. शेवटी मी मेधावहिनींना बोलावलं. त्या उरायासुतच राहायच्या, नवरा ट्रेडिंग कंपनीत. आल्या त्या वरणभाताचा डबा घेऊनच. कललेल्या टेबलावर ताट ठेवलं, वाटी एका बाजूला घसरली, तिला घडी केलेल्या रुमालाचा टेकू दिला, आणि मालकांना थोरल्या मुलाच्या जागी बसवलं.

“अजून वाढू?” वहिनी मराठीत म्हणाल्या.

“काय म्हणाली?”

“आणखी देऊ का, विचारतेय. तुम्ही नको म्हणायचं.”

“नको.”

वहिनींनी वाढलं.

“मी नको म्हटलं ना?”

“म्हणूनच वाढलं,” मी म्हटलं.

ते जेवले. वहिनींनी पुन्हा विचारलं, यांनी ताटावर हात आडवा धरला, वहिनींनी तो मनगटाला धरून बाजूला केला आणि पुन्हा वाढलं. मालकांनी वर बघितलं. आता त्यांच्या तोंडावरचा नाटककार गेला होता.

“ती हे का करतेय?”

“त्याला राहा म्हणायचंय तिला,” वहिनी म्हणाल्या, आणि मी ते इंग्रजीत सांगितलं. “पण धाकट्यासमोर कसं म्हणणार? जेवतोय तोवर तरी उठणार नाही. म्हणून वाढत राहते. मग भात संपतो. ती रिकामं पातेलं त्याला दिसू देत नाही, त्यातच डाव फिरवत राहते. तिथे पडदा.”

मालकांनी डबा वाकवून आत बघितलं. मग वहिनींना विचारलं, डाव रिकाम्या पातेल्यात किती वेळ फिरवता, आवाज येऊ देता की नाही. ते दोघं त्यावर बोलत बसले, मी मध्ये नुसती दुभाषी. वहिनींनी विचारलं, “दुसऱ्या अंकात आई रडत का नाही? तालमीत कुणालाच सांगता आलं नाही.” मालक म्हणाले, “कारण रडली असती तर धाकट्याला कळलं असतं की तिचा लाडका कोण आहे.” वहिनींचे डोळे भरून आले. माझ्या नाटुकल्याबद्दल मालकांनी एवढंच म्हटलं होतं की कागद चांगला आहे. मला वहिनींचा भयंकर हेवा वाटला. आणि त्या मेलेल्या रूपांतरकाराचा, आणि मालकांचाही. त्या संध्याकाळी मी ते बोलूनही दाखवलं: “तुमचं निदान चोरलं तरी. माझं कुणी चोरतसुद्धा नाही.”

मालकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच आपल्यातल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “आता लागलीस लिहायला,” म्हणाले.

त्यानंतर त्सुकुबाच्या प्रयोगापर्यंत मालकांनी नवा तिसरा अंक लिहायचा सपाटा लावला. त्या मराठी माणसाला हरवायचं होतं. एकात आई पियानो वाजवायची, एकात घराला आग लागायची. मला वाचून दाखवायचे. प्रत्येकात कुणी ना कुणी शेवटी उभं राहून भाषण करायचंच. मी तोंडावर सांगायचे, “परत भाषण.” ते कागद फाडायचे, पेन्सिल घरंगळत त्यांच्याकडे यायची आणि ते पुन्हा सुरू. एके दिवशी थांबले. म्हणाले, “माझ्या आईने कधी कुणाला दुसऱ्यांदा वाढलं नाही. मला हे सुचणं शक्यच नव्हतं.” आणि मग बजावून: “त्या तुझ्या काकांना सांग. पहिले दोन अंक माझे म्हणून माझं नाव घ्या. तिसऱ्याला माझं नाव लावलंत तर याद राखा. मी मत्सरी आहे, भामटा नाही.”

मी हे काकांना शब्दशः सांगितलं. इंग्रजीत आणि मराठीत नाव लिहून दिलं. उच्चार म्हणून दाखवला, त्यांच्याकडून म्हणवून घेतला.

त्सुकुबाला जायच्या दिवशी मालकांनी काळा कोट घातला. मी विचारलं नाही तो कुठला. गाडीत खिडकीपाशी बसून ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. सभागृह भरलं होतं, सायकलींवरून आलेले डॉक्टरेटचे विद्यार्थी, लेकरंबाळं घेऊन आलेले शास्त्रज्ञ. प्रधानकाकांनी त्यांना मंचावर बोलावलं. शाल घातली. नारळ दिला. टोकियोतल्या उएनोच्या बाजारातून खास आणलेला. मग माइक घेतला आणि त्यांना जे येतं ते सगळं त्यांनी मनापासून केलं.

“आज आपल्यात एक थोर पाहुणे आहेत. अमेरिकन रंगभूमीवरचं फार मोठं नाव. खरं म्हणजे अशा व्यक्तीच्या परिचयाची गरज नसते. त्यांचं कार्यच त्यांचा परिचय आहे. आपल्या आजच्या नाटकाची प्रेरणा त्यांच्याकडून मिळाली, हे आपलं भाग्य. जोरदार टाळ्या!”

टाळ्या झाल्या. मालक दोन्ही हातांत नारळ धरून उभे होते, मान किंचित पुढे, बहिरा माणूस ऐकतो तसे. नाव यायची वाट बघत होते. मराठी कळत नव्हतं, पण आपलं नाव कुठल्याही भाषेत कळतं. काकांनी पुढे प्रायोजकांची नावं घेतली. सगळी. मसालेवाल्यांसकट.

मी मागच्या रांगेतून उठून ओरडले, “काका, नाव! नाव सांगा त्यांचं!”

“हो हो,” काका हसत म्हणाले, “सगळ्यांना माहीतच आहे. सभागृह वेळेत रिकामं करायचंय मंडळी, सुरू करू या!”

मालकांनी माइकसाठी हात पुढे केला. काकांना तो देणं भाग पडलं. मला वाटलं, आता स्वतःच सांगतील. ते इंग्रजीत म्हणाले, “पहिले दोन अंक मी लिहिले. तिसरा मी नाही लिहिला. ज्याने लिहिला त्याचा मला फार हेवा वाटतो.” आणि त्यांनी त्या मराठी लेखकाचं नाव घेतलं. नीट, ‘ळ’सकट. माझ्याकडून कधी शिकून घेतलं होतं माहीत नाही, बहुधा वहिनींकडून. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या नावाशिवायच ते खाली उतरले.

परतीच्या गाडीत मी तडकले. “स्वतःचं नाव का नाही घेतलंत? माइक हातात होता!”

“पडद्यासमोर स्वतःचं नाव स्वतः घेतात ते जादूगार,” मालक म्हणाले. “नाटककाराचं दुसऱ्याने घ्यायचं असतं. म्हणजे लोकांना हवं तर शिट्ट्या मारता येतात.” मग खिडकीबाहेर बघत: “चांगला माणूस आहे तुझा काका. माझ्यासाठी एवढं करायची त्याला काय गरज होती?”

यातला उपरोध मला शोधूनही सापडला नाही. तो नव्हताच. काकांना मी माफ केलेलं नाही.

मालक पुढच्या उन्हाळ्यात गेले. झोपेत गेले. रांग लागली नाही. मेधावहिनी होत्या, मी होते, समोरची बाई होती. ते नाटक मात्र चालू आहे. परवाच कुणीतरी दुबईच्या मंडळाच्या प्रयोगाचा फोटो पाठवला. पुण्यात एका कॉलेजने पारितोषिक घेतलं. सगळीकडे लेखक म्हणून एकच नाव, आणि मी प्रत्येक ठिकाणी मेल पाठवते, आणि प्रत्येक ठिकाणाहून तेच उत्तर येतं, की परंपरा आहे, हेतू वाईट नाही.

मालकांचं नाव मी इथे छापलेलं नाही. छापलं असतं तर तुम्ही ‘अरेरे’ म्हणून पान उलटलं असतं. ते तुमच्या मंडळाच्या कार्यवाहांना ठाऊक असायला हवं, आणि नसेल तर त्यांनी शोधायला हवं. नाटक तुम्हाला ओळखू येईल, त्यात छत्री खुंटीवरून पडते. तुमच्या मंडळात ते लागेल तेव्हा कार्यवाह प्रायोजकांची नावं वाचत असतानाच उठा. मोठ्याने विचारा: पहिले दोन अंक कुणाचे? लोक शुक शुक करतील, बायको किंवा नवरा हात धरून खाली ओढेल, पोरं लाजतील. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.